फेरीला निघालेलं तबक

मी एक लाकडाचं तबक. बोलायची मला सवय नाही. आयुष्यभर माणसांच्या तळहातांवर बसून मी त्यांचंच ऐकत आलो. तेव्हा हळू बोललो, मधेच थांबलो, तर सांभाळून घ्या.

आमचं गाव उमुएनेबे. म्हणजे एनेबेची लेकरं. तांबडी माती, ताडाची झाडं, कोनफळांची शेतं आणि गावाच्या मधून जाणारा एक ओढा. ओढ्याच्या एका अंगाला अनुम्बाची आळी, दुसऱ्या अंगाला उझोमाची. दोन्ही आळ्यांना माझी ओळख सांगावी लागत नाही. तुम्हाला सांगतो.

तुमच्याकडे पाहुणा आला की पानसुपारी पुढे करता ना, तसा आमच्याकडे ओजी. सुपारीहून मोठं, लालसर, कडू असं ते बी असतं. त्याला मुळातच सांधे असतात. सांध्यावर अंगठ्याचं नख रोवून दाबलं की टक् असा आवाज होतो आणि त्याच्या पाकळ्या सुट्या होतात. ज्याला जी मिळेल ती पाकळी शेंगदाण्याच्या तिखट चटणीत बुडवायची आणि चावायची. ओजी फुटल्याशिवाय आमच्याकडे कशालाच तोंड फुटत नाही. बारसं असो, सोयरीक असो, बांधावरून भांडण असो, आधी ओजी. आणि ओजी यायचा तो माझ्यावरून.

मी पूर्वी झाड होतो. ओढ्याच्या उताराजवळचं मोठं, जुनं झाड. एका वादळात मी आडवा झालो. गावाने माझ्या फांद्या सरपणाला नेल्या, खोडाचे दरवाजे केले आणि बुंध्याजवळचा एक तुकडा ओझिओको नावाच्या सुताराकडे दिला. मोठ्या बैठकीचं जुनं तबक चिरलं होतं, नवं हवं होतं.

ओझिओको वाकसाने मला तासत बसायचा. तासताना गुणगुणायचा. मधोमध चटणीसाठी त्याने एक वाटी कोरली, तिला झाकण केलं. भोवतालचा भाग मात्र उथळच ठेवला.

एक म्हातारा म्हणाला, "अरे, जरा खोल कर की. जास्त मावेल."

"काका, खोल भांड्यात काय आहे ते लांबून दिसत नाही. मग माणसं संशय घेतात. उथळच बरं."

त्याने खरखरीत पानांनी मला घासलं, ताडाचं तेल चोळलं आणि उन्हात धरून बघितलं. त्याच्या डोळ्यांत मला माझा रंग दिसला. आईच्या डोळ्यांत लेकराला दिसतो तसा.

पहिल्याच बैठकीत मी गावाची जन्मकथा ऐकली. पुढे इतक्या वेळा ऐकली की माझ्या शिरांत ती मुरली आहे.

एनेबे दूरच्या मुलखातून आला. तिकडे माती दमली होती, कंद बोटाएवढे निघत होते. त्याने बायकोला, अदाकूला, सांगितलं, "चल." धाकटा उझोमा पुढे चालायचा, कोयत्याने झुडपं तोडून वाट करायचा. थोरला अनुम्बा मागून यायचा, बियाण्याच्या कोनफळांची टोपली डोक्यावर घेऊन. भूक लागली तरी त्या टोपलीला कोणी हात लावायचा नाही. अदाकूकडे खापरात राखेखाली झाकलेले निखारे होते.

माझ्या झाडाखाली त्यांनी टोपली उतरवली. तिथेच राहायचं ठरलं. संध्याकाळी ओजी काढला आणि दोघे भाऊ भांडायला लागले. अनुम्बा म्हणाला, "मी थोरला. ओजी माझ्या हातचा." उझोमा म्हणाला, "या मातीला आधी पाय माझा लागला. वाट मी केली."

एनेबेला काही सुचेना. निखारे फुंकता फुंकता अदाकू म्हणाली, "एकाने प्रार्थना करावी, दुसऱ्याने फोडावा. म्हणजे दुसरा जवळ नसताना एकट्याला कधी खाताच येणार नाही."

तेव्हापासून आमच्या गावात तसंच. अनुम्बाच्या आळीतला वडीलधारा प्रार्थना करतो, उझोमाच्या आळीतला फोडतो. त्याआधी मी सगळ्यांच्या हातातून फिरतो. प्रत्येकाने ओजी बघायचा, स्पर्श करायचा आणि पुढे द्यायचा. फेरी पुरी करून मी जिथून निघालो तिथेच परत यायचं. मी वाटेत कुठे राहायचं नाही, हा कायदा.

ते दिवस आठवले की अजून माझ्या लाकडाला ऊब येते.

किती हात! मातीने नखं तांबडी झालेले, ताडी उतरवून घट्टे पडलेले, तपकिरीचा वास येणारे. हातांवरून मला माणूस कळायचा. "मला काय, लहानशी पाकळी पुरे," असं म्हणणाऱ्याची बोटं मोठ्या पाकळीजवळच घुटमळायची. काही जण पाकळी तोंडात टाकल्यासारखं करायचे आणि हळूच कमरेला खोचायचे. घरी आई असायची ना. कुठे जाऊन आलास ते ओजीच्या तुकड्यावरून तिला कळायचं.

एकदा शहरातून शिकून आलेल्या एकाने इंग्रजीत प्रार्थना सुरू केली. कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "बाळा, ओजीला इंग्रजी कळत नाही."

"मग काय करू?"

"तुझ्या आईकडे ज्या भाषेत खायला मागतोस ना, त्या भाषेत बोल."

बैठक हसून लोळली. तो पोरगाही हसला. तोही एक दिवस होता.

त्या हातांतले दोन हात मला सगळ्यांत जवळचे. अनुम्बाच्या आळीतला एझेओकोली आणि उझोमाच्या आळीतला इफेदिओरा. दोघे एका वयाचे. आमच्याकडे एका वयाच्या मुलांचा एक गट करतात, आळी न बघता. कुस्ती एकत्र, कामं एकत्र, मार खायचा तोही एकत्र. यांचा गट आज एकाच्या शेतात कोनफळांसाठी मातीचे ढीग घालायचा, उद्या दुसऱ्याच्या. एझेओकोलीची धाकटी बहीण उगोये, तिचं लग्न इफेदिओराशी झालं. सोयरिकीचा ओजीही माझ्यातच होता.

"माझी बहीण तिखट आहे हं," एझेओकोलीने तेव्हाच सांगितलं होतं.

"गड्या, मी चटणीशिवाय ओजी खातो का कधी?" इफेदिओरा म्हणाला.

मग युद्ध आलं. आकाशातून विमानं आली. एझेओकोलीने मला चटईत गुंडाळून कोनफळांच्या खड्ड्यात पुरलं. मी अंधारात पडून राहिलो. वरून पावलं ऐकू यायची, पण हसणं ऐकू यायचं नाही. बाहेर काढलं तेव्हा माझ्या कडेला वाळवी लागली होती आणि बैठकीतले सगळे म्हातारे भुकेने गेले होते.

इफेदिओरा वाचला होता. बाजारात बाँब पडला तेव्हा तो तिथे होता. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं. तो हात तो पंच्याखाली झाकून ठेवायचा.

म्हातारे गेल्यामुळे वयाच्या मानाने लवकरच दोघे आपापल्या आळीचे वडीलधारे झाले. युद्धानंतर पहिल्यांदा नव्या कोनफळाचा सण धडपणे करायचं ठरलं. जे उरले होते ते सगळे आले. ओजीची फेरी झाली. मी एझेओकोलीच्या हातात परत आलो. त्याने ओजी वर धरला.

"पेरणाऱ्याला कंद मिळो. चालणाऱ्याला वाट मिळो. ज्याची चूल विझली, त्याला शेजारच्या घरून निखारा मिळो."

"इसे!" सगळे म्हणाले. म्हणजे, तसंच होवो.

आता ओजी इफेदिओराकडे द्यायचा. इफेदिओराने पंच्याखालून हात काढला. उरलेली तीन बोटं. ओजी डाव्या हाताने फोडत नाहीत, आणि उजव्याला अंगठा नव्हता. सगळं गाव त्या हाताकडे बघत होतं. 

एझेओकोलीला ते बघवलं नाही. मी त्याच्या दुसऱ्या तळहातावर होतो, मला त्याची नाडी कळली. त्याच्या मनात आलं, चारचौघांत माझ्या मित्राची फजिती नको. त्याने ओजी स्वतःच्याच बोटांत फिरवला आणि सांध्यावर आपल्या अंगठ्याचं नख रोवलं.

"काय करतोस?" इफेदिओरा म्हणाला.

"राहू दे रे. मी फोडतो. तू वाटून दे."

"काम कोणाचं आहे?"

एझेओकोलीचं नख सांध्यावरच राहिलं.

"माझी दोन बोटं पुरली तेव्हा माझी आळीही पुरलीस का?"

एझेओकोलीला वाटलं, तुझी दया आली, हे सगळ्या गावासमोर कसं सांगायचं? ते तर आणखी वाईट.

इफेदिओराने त्याच्या हातातून ओजी घेतला, माझ्यात ठेवला, मला काखेत मारलं आणि चालू लागला. त्याच्या मागून त्याची आळी उठली. अनुम्बाच्या आळीतून कोणीतरी ओरडलं, "चोर!"

तो शब्द ओढ्यापर्यंत आमच्या मागून आला.

इफेदिओराच्या घरी मला फळीवर ठेवलं. आत तो ओजी तसाच. प्रार्थना झालेला, न फुटलेला, सांध्यावर नखाची खूण.

पुढची वर्षं कशी गेली, ते काय सांगू. गावात दोन सण व्हायला लागले. दोन्ही निम्मे. एकमेकांच्या शेतात ढीग घालायला जाणं थांबलं. ओढ्यावर ओंडक्यांचा साकव होता. तो दोन्ही आळ्या मिळून बदलायच्या. आता कोणीच बदलेना. तो कुजला आणि एका पुरात वाहून गेला. मी फळीवरून ऐकायचो. पलीकडे ढोल वाजायचा, अलीकडे वाजायचा, आणि दोन्हींचा ताल जुळायचा नाही.

मला हातांची आठवण यायची. एका हातातून सुटताना पुढचा हात वाट बघत असायचा, त्या मधल्या क्षणाची. फळीला काय, ऊब नसते.

उगोये मात्र दर बाजाराच्या दिवशी मला खाली घ्यायची, तेल चोळायची. त्यामुळेच मी चिरलो नाही. चोळताना तोंड चालू.

"अहो, हा ओजी घरात ठेवून याचं काय लग्न लावायचंय?"

"खाता येत नाही. फोडलेला नाही."

"मग फेका."

"फेकता येत नाही. प्रार्थना झालीय."

"मग परत द्या."

यावर इफेदिओराला नेमकी शेळीला पाला घालायची आठवण व्हायची.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, ती उगोयेला ठाऊक नव्हती. ती सकाळी पाण्याला गेली की तो फळीखाली बसायचा. पंच्यातून एक ताजा ओजी काढायचा. उरलेल्या तीन बोटांत धरायचा आणि फोडायचा प्रयत्न करायचा. ओजी निसटायचा, घरंगळत चुलीपाशी जायचा. तो उठून आणायचा. पुन्हा धरायचा. मधल्या बोटाचं नख त्याने मुद्दाम वाढवलं होतं. ते मोडायचं, रक्त यायचं. पावलं वाजली की तो ओजी लपवायचा आणि झाडू घेऊन अंगणात जायचा.

ती म्हणायची, "या माणसाला हल्ली झाडायची फार हौस."

उगोयेचं माहेर पलीकडे. तिने जाणं थांबवलं नाही. "भांडण तुमचं. माहेर माझं," म्हणायची. लुगडं वर खोचून ओढ्यातून जायची, भिजून यायची. पलीकडच्या बातम्या तेल चोळता चोळता मला सांगायची. नवरा दाराआडून ऐकायचा, हे तिला माहीत होतं.

एकदा म्हणाली, "ओझिओकोचा मुलगा दादाकडे गेला होता. म्हणाला, काका, नवं तबक करून देतो, किती दिवस असं बसणार? दादा काय म्हणाला माहितीय? म्हणाला, तबक गेलेलं नाही रे. ते फेरीला निघालंय. फेरी जरा मोठी आहे, एवढंच."

अंगणात झाडू थांबला. बराच वेळ थांबला.

असेच केस पांढरे झाले. मुलं मोठी झाली, शहरात गेली. दात पडले. उगोयेच्या बोलण्यातलं तिखट तेवढं कायम राहिलं.

आणि मग एक दिवस ती ओढ्यातून परत आली आणि काहीच बोलली नाही. ओल्या लुगड्याने तशीच चुलीपाशी बसली.

"काय झालं गं?" इफेदिओराने विचारलं.

"दादाला दिसत नाही आता. उठवतही नाही. मी समोर बसले तर म्हणाला, कोण?"

"मग?"

"मग काय. मी सांगितलं, उगोये. तर विचारतो, फेरी कुठवर आलीय?"

इफेदिओरा उठला. त्याने मला फळीवरून काढलं. स्वतः. पंच्याच्या टोकाने पुसलं. माझ्यातला ओजी खडखडला. तो वाळून काळा, हलका झाला होता.

"मी नेऊ?" उगोयेने विचारलं.

"बायकांच्या हातून ओजी जात नाही."

"माहितीय. युक्ती काढायची अदाकूने, आणि मिरवायचं तुम्ही."

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "चल बरोबर. मला आता एकट्याने ओढा ओलांडवत नाही."

उगोयेने वाटीत ताजी चटणी घातली, झाकण लावलं. दोघे निघाले. त्याने मला छातीशी धरलं होतं, तिने त्याचं कोपर. पाणी गुडघ्याच्या वर होतं. मधे त्याचा पाय सरकला. मी पाण्याला लागलो, तेच पाणी, जे मी झाड असताना मुळांनी पीत होतो. उगोये म्हणाली, "हळू हो! इतकी वर्षं बसलात, आता कसली घाई?"

पलीकडच्या वाटेवर गवत माजलं होतं. अनुम्बाच्या आळीतली माणसं दारात आली. एका तरुणाने खालच्या आवाजात तोच जुना शब्द काढला. त्या सणाच्या वेळी जो जन्मलाही नव्हता, असा तरुण. एका म्हातारीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"गप रे! ओजी चाललाय. ओजी चालताना बोलतात का?"

 सगळे मागून चालू लागले.

एझेओकोली चटईवर होता. भिंतीला टेकवून बसवलेला. डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता.

"कोण?"

"ओजी आणलाय," इफेदिओरा म्हणाला.

एझेओकोलीने दोन्ही हात पुढे केले. मी त्या हातांत गेलो. आधी त्याने माझी कड चाचपली, वाळवीची जुनी खूण त्याला सापडली. मग ओजी सापडला. त्यावरून त्याने अंगठा फिरवला आणि अंगठा एका जागी थांबला.

"हे माझं नख."

"तुझंच."

"खाल्ला नाहीस?"

"फोडायचा राहिला होता ना."

दाराशी गर्दी झाली होती. 

"मला तुझी दया आली होती रे गड्या," एझेओकोली म्हणाला. "दुसरं काही नव्हतं."

"माहितीय."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. घरी पोचेपर्यंत."

"मग परत का नाही आलास?"

इफेदिओरा आपल्या हाताकडे बघत राहिला. "म्हटलं, हात नीट होऊ दे. ओजी फोडता आला की जाईन."

"आला का?"

"बोटं उगवत नाहीत रे."

एझेओकोली हसला. दात नसलेलं ते हसू, त्यात हवा जास्त होती. मग त्याने ओजी माझ्यात ठेवला आणि मला पुढे केलं. म्हणाला, "प्रार्थना झालेली आहे. ती पुन्हा करत नाही. घे, तुझं काम."

इफेदिओराने ओजी तीन बोटांत घेतला. तो निसटला. माझ्यातच पडला. पुन्हा घेतला. नखाची खूण शोधायला लागला. 

आणि मी एझेओकोलीचे हात बघितले. त्याला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ओजी पडल्याचा आवाज झाला तेव्हा त्याचा हात आपोआप पुढे आला. अर्ध्यातच थांबला. मग त्याने तो हात हळूहळू मागे घेतला, स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि त्यावर दुसरा हात ठेवला, जसं अवखळ पोराला धरून बसवावं.

तो थांबला. सगळे थांबले. दारातली म्हातारी थांबली, तो तरुणही थांबला. उगोयेने तोंडावर पदर घेतला होता. 

इफेदिओराने ओजी अलगद दाबला.

टक्.

जोर लागलाच नाही. इतक्या वर्षांत वाळून त्या ओजीचे सांधे आपोआप ढिले झाले होते. नुसता हात लागायचा राहिला होता.

पाकळ्या माझ्यात पडल्या. इफेदिओरा त्यांच्याकडे बघत बसला आणि मग त्याचे खांदे हुंदक्याने हलले.

"फुटला?" एझेओकोलीने विचारलं.

"फुटला."

"आवाज चांगला आला."

पहिला तुकडा जमिनीवर टाकायचा असतो, एनेबेच्या नावाने. एझेओकोलीने तो बोटांत धरला, थांबला, आणि म्हणाला, "हा अदाकू आईसाठी." असं याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

बाकीचे तुकडे चावायला दात होते कुणाला? उगोयेने ते पाट्यावर ठेचले, चटणीत कालवले, आणि दोघांच्या जिभेवर बोटाने लावले.

"कसं लागतंय?"

"कडू," इफेदिओरा म्हणाला.

"कडू असतो ओजी. एवढ्या वर्षांत विसरलात?"

उरलेली चटणी दारातल्या प्रत्येकाच्या बोटाला लागली. चिमूटभरसुद्धा नव्हती कुणाला. त्या तरुणाने बोट बराच वेळ चाटलं.

त्या वर्षी ओढ्यावर नवे ओंडके पडले. नव्या कोनफळाचा सण एकच झाला. एझेओकोलीला उचलून आणलं होतं. त्याने कुजबुजत प्रार्थना केली, शेजारच्याने ती मोठ्याने सांगितली. मी सगळ्या हातांतून फिरलो. पुष्कळ हात मला नवे होते, पण त्यांच्या आजोबांचे हात मला आठवत होते.

सण झाल्यावर एझेओकोली गेला. डिसेंबरातला कोरडा वारा सुरू झाला, तेव्हा इफेदिओराही गेला. जाण्यापूर्वी त्याने एकदा मला मागून घेतलं होतं. आत काही नव्हतं. नुसतंच मांडीवर घेऊन बसला.

आता मी एझेओकोलीच्या बैठकीत भिंतीवर टांगलेला असतो. कोनफळं बांधून साठवायचे वासे समोर दिसतात. निम्मे रिकामे आहेत. मुलं आबा शहरात गेली, लागोसला गेली, काही समुद्रापलीकडे. डिसेंबरात उत्तरेच्या वाऱ्याने धूळ उडायला लागली की गाड्या भरून सगळी घरी येतात. तेव्हा मला खाली काढतात. फोटो घेतात. पण त्यांना परतायची घाई असते. ओजी घरूनच सुरीने कापून आणलेला असतो, स्टीलच्या डब्यात. माझ्यात ओततात. टक् असा आवाज होत नाही.

उगोये अजून आहे. बाजाराच्या दिवशी काठी टेकत साकवावरून येते आणि मला तेल चोळते. मी तिच्या हातांची वाट बघतो. तेही आता थकलेत. तिच्यानंतर तेल कोण चोळेल, माहीत नाही. लाकूड आहे, चिरेल एक दिवस. त्याचं दुःख नाही. झाड होतो तेव्हाही एक दिवस आडवा झालोच होतो.

एवढंच वाटतं, डिसेंबरात याल तेव्हा ओजी अख्खा आणा. मला हातोहात फिरवा. आणि ज्याचा हात हळू चालतो त्याच्यापर्यंत मी पोचलो, तर त्याच्या हातातून घेऊ नका. आपला हात आपल्या मांडीवर ठेवा. थोडं थांबा.

मला घाई नाही. मी अजून फेरीतच आहे.